नाशिकहून समुद्रावर जायचंय? किनारा निवडण्याची पद्धत, पायरीपायरीने

समुद्रावर जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, "कुठला बीच छान आहे?" मग फोटो बघितले जातात, कुणीतरी मागच्या दिवाळीत जाऊन आलेलं असतं त्याला विचारलं जातं आणि बुकिंग होतं. तिथे पोचल्यावर मात्र पाणी अर्धा-पाऊण किलोमीटर आत गेलेलं असतं आणि समोर नुसता ओला गाळ दिसतो. कधी उलट होतं. पाणी थेट सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं असतं आणि मुलांना खेळायला वाळूच उरत नाही. खरं तर किनारा वाईट नसतो, दिवस आणि वेळ चुकलेली असते. फोटो भरतीचा की ओहोटीचा, जानेवारीतला की मे महिन्यातला, हे फोटोवर लिहिलेलं नसतं.

म्हणून किनाऱ्याचं नाव शेवटी ठरवा. आधी हातात किती रात्री आहेत ते बघा, मग वाट, मग तिथी, मग किनाऱ्याचा उतार. या क्रमाने गेलात तर दोन-तीनच नावं उरतात आणि त्यातलं कुठलंही घेतलं तरी पस्तावायची वेळ येत नाही.

१. आधी रात्री मोजा

ढोबळ नियम असा धरा: एका मुक्कामाला एका बाजूचा प्रवास साडेचार-पाच तासांपेक्षा जास्त नको. दोन मुक्काम असतील तर आठ तासांपर्यंत चालेल. त्यापलीकडचं सगळं तीन मुक्कामांपासून पुढे.

एक मुक्काम: डहाणू, बोर्डी, केळवे. त्र्यंबक-जव्हारमार्गे साधारण दीडशे किलोमीटर, पण घाट आणि गावं धरून चार तास लागतात. गुजरातची हद्द ओलांडायची तयारी असेल तर पेठ-धरमपूरमार्गे वलसाडजवळचं तिथल किंवा कपराडा-वापीमार्गे दमण हेही याच टप्प्यात येतात. तिथलची वाळू काळी आहे, पांढऱ्या वाळूच्या अपेक्षेने जाऊ नका.

दोन मुक्काम: अलिबाग, नागाव, काशीद, मुरूड-जंजिरा. अलिबाग सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर, काशीद तिथून पुढे तीसेक किलोमीटर. पहाटे निघणार असाल तर दिवेआगर-श्रीवर्धनही जमतं, पण सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास गाडी चालवून एका रात्रीत परत फिरण्यात काही अर्थ नाही.

तीन किंवा जास्त मुक्काम: दापोलीकडचे कर्दे, लाडघर, आंजर्ले, केळशी, पुढे गुहागर, गणपतीपुळे, आणि मालवण-तारकर्ली. मालवण नाशिकहून सहाशे किलोमीटरच्या घरात जातं. तिथे चार रात्री नसतील तर जाऊच नका. दोन दिवस गाडीत आणि दीड दिवस समुद्रावर, असा हिशोब होतो.

नावांची फसगत इथेच होते. मुरूड दोन आहेत. एक रायगडमधलं, जंजिऱ्याजवळचं, आणि दुसरं रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोलीजवळ हर्णैच्या शेजारचं. दोघांमध्ये खाड्या आणि घाट धरून कित्येक तासांचं अंतर आहे. केळवे पालघरचं, केळशी दापोलीची. बुकिंग करताना गावाच्या नावाबरोबर तालुका आणि जिल्हा वाचल्याशिवाय पैसे पाठवू नका.

२. वाट ठरवा

*त्र्यंबक-जव्हार.* नाशिक, त्र्यंबकेश्वर, तोरंगण घाट, मोखाडा, जव्हार. जव्हारहून डहाणूला कासा-चारोटीमार्गे आणि केळव्याला विक्रमगड-मनोर-पालघरमार्गे. वाट सुरेख आहे, पण अरुंद आणि वळणांची. पावसाळ्यात धुकं दाट असतं, रात्री दुकानं आणि पंप बंद असतात, मोबाईलची रेंजही मध्ये मध्ये जाते. म्हणून टाकी नाशिकमध्येच भरा आणि नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. गाडी लागणारं कुणी असेल तर गोळी घाटाच्या पायथ्याशी देऊन उपयोग नाही, घरून निघतानाच द्या.

*कसारा-पनवेल.* अलिबाग, दिवेआगर, दापोलीसाठी हीच वाट. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट टाळता येतो. दुचाकीला समृद्धीवर परवानगी नाही, त्यांनी जुन्या महामार्गानेच जावं. मात्र आमणे भिवंडीजवळ आहे. तिथून पनवेलपर्यंतची कल्याण-शीळ किंवा मुंब्रा बायपासची कोंडी समृद्धीने सुटत नाही. सकाळी साडेसातच्या आत तो पट्टा ओलांडला तर ठीक, नाहीतर दीड-दोन तास जास्त धरा. दुसरा पर्याय शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली-पेण. किलोमीटर फारसे वाचत नाहीत, पण ट्रकांची गर्दी कमी. पेणनंतर वडखळचा नाका शनिवारी सकाळी तुंबतो.

*पुणे बाजू.* सिन्नर-संगमनेर-चाकणमार्गे पुण्याला जाऊन ताम्हिणी घाटाने माणगाव, म्हणजे दिवेआगर-श्रीवर्धनचं दार. मालवणसाठी पुणे-कोल्हापूरमार्गे फोंडा घाट किंवा गगनबावडा. पुण्यात कुणी नातेवाईक असतील आणि तिथे रात्र काढता येत असेल तरच ही वाट सोयीची. एका दमात चाकणची कोंडी आणि ताम्हिणीची वळणं दोन्ही नकोत.

गाडी नसेल तर दोन सरळ पर्याय आहेत. अलिबागसाठी नाशिकरोडहून सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला सीएसएमटी, तिथून गेटवे, गेटवेहून मांडव्याची बोट. बहुतेक बोटींच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते. दुपारी जेवायला तुम्ही अलिबागेत असता. या प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद असतात. दुसरा पर्याय रत्नागिरी-गणपतीपुळ्यासाठी: मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस नाशिकरोडला थांबते आणि पनवेलमार्गे थेट रत्नागिरीला जाते, गाडी बदलावी लागत नाही. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. सुट्टीच्या तारखांना पहिल्याच दिवशी तिकीट काढा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, जुन्या वेळेवर विसंबू नका.

एसटीने जाणार असाल तर कुठली गाडी कुठल्या स्थानकावरून सुटते हे आदल्या दिवशी विचारून घ्या. जुनं सीबीएस, मेळा, ठक्कर बाजार आणि महामार्ग स्थानक अशी चार ठिकाणं आहेत आणि पहाटे चुकीच्या स्थानकावर उभं राहणं महागात पडतं.

३. तिथी बघा, वेळ आपोआप कळते

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात आणि सहलीचा निम्मा आनंद इथेच ठरतो.

कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण ते एक तास पुढे सरकते. चंद्रामुळे हे होतं, म्हणून वेळ तारखेवर नाही, तिथीवर बसते. किनाऱ्यावरची जुनी माणसं एक सोपा हिशोब करतात: तिथीची पाऊणपट. म्हणजे तिथीला तीनने गुणा, चारने भागा, येईल तो भरतीचा तास. सकाळचाही तोच, संध्याकाळचाही तोच. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना चालतो.

चतुर्थी: चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीन. गणपतीपुळ्याला संकष्टीला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, दुपारी पाणी अगदी वर आलेलं असतं आणि सकाळी नऊच्या सुमाराला ओहोटी असते.

अष्टमी: सहा. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. ओहोटी भर दुपारी.

द्वादशी: नऊ. ओहोटी दुपारी तीन-सव्वातीनला.

पौर्णिमा आणि अमावास्या (दोन्ही पंधरावी तिथी): सव्वाअकरा. प्रत्यक्षात बारापर्यंत धरा. ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला.

हा अंदाज आहे. पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, आणि डहाणूकडे भरती मुंबईपेक्षा थोडी उशिरा लागते. निघायच्या आदल्या दिवशी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर नेमकी वेळ बघून घ्या. पण तीन महिने आधी शनिवार-रविवार निवडायचा असेल तर भिंतीवरचं कालनिर्णय आणि हा हिशोब पुरेसा आहे.

आता दुसरी गोष्ट, पाणी किती चढतं-उतरतं ती. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं. पाणी खूप वर येतं आणि तितकंच आत जातं. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे चढउतार कमी. उत्तरेला खंबातच्या आखाताकडे जावं तसा हा चढउतार वाढत जातो, दक्षिणेला कमी होतो. बोर्डीला उधाणाच्या ओहोटीला समुद्र दूर क्षितिजाकडे सरकतो आणि मालवणला त्याच दिवशी फरक त्याच्या निम्म्याच्याही आत असतो.

यावरून निवड अशी करा. बोर्डी, डहाणू, केळवे यांपैकी कुठेही जायचं असेल आणि सूर्यास्ताच्या वेळी पाणी पायाशी हवं असेल, तर सप्तमी ते दशमीच्या मधला शनिवार निवडा. पौर्णिमेची रात्र समुद्रावर घालवायची म्हणून लोक बोर्डीला जातात आणि संध्याकाळी त्यांना फक्त ओला गाळ दिसतो. पाणी यायला रात्रीचे दहा-अकरा वाजतात. पौर्णिमेलाच जायचं असेल तर दुपारी अकरा-बाराला डुंबून घ्या आणि संध्याकाळ ओल्या वाळूवर चालण्यासाठी ठेवा. ती चालही सुंदर असते, पण ती ठरवून केलेली असावी.

अलिबागला मात्र उलट. कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असेल तर पाणी पुरतं ओसरलेलं हवं, म्हणून पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस चांगले. भांगाच्या दिवसांत वाट नीट उघडी पडतेच असं नाही. ओहोटीच्या तळवेळेच्या तास-दीड तास आधी निघा आणि तळवेळ झाली की परत फिरा. भरतीचं पाणी समोरून येताना दिसत नाही, मधल्या खोलगट भागात ते आधी शिरतं आणि वाट मागून तुटते. घोडागाडीवाला "अजून वेळ आहे" म्हणाला तरी घड्याळ बघूनच ठरवा.

४. किनाऱ्याचा उतार ओळखा

सपाट आणि उतरता, असे दोन प्रकार मनात ठेवा.

सपाट किनाऱ्यावर लाट लांब फुटते. एकामागे एक पांढऱ्या रेघांच्या तीन-चार ओळी दिसतात आणि किनाऱ्याशी येईपर्यंत पाणी घोट्याएवढं होतं. वाळू घट्ट असते. बोर्डी, दिवेआगर, दापोलीजवळचं कर्दे हे असे. लहान मुलं, आजी-आजोबा, क्रिकेट, सायकल यांसाठी हेच घ्या. उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर पाणी गढूळ असतं. तो आखाताकडून येणारा गाळ आहे, घाण नव्हे. निळं पाणी हवं असेल तर दक्षिणेला जावं लागतं.

उतरत्या किनाऱ्यावर लाट अगदी काठाशी येऊन एका दणक्यात फुटते. वाळू जाड, भुसभुशीत, पाय रुततो. चार पावलांत पाणी कमरेवर जातं आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. काशीद, गणपतीपुळे इथे ही ओढ जोराची आहे आणि दोन्ही ठिकाणी माणसं बुडालेली आहेत. दिसायला हे किनारे फार देखणे, काशीदची पांढुरकी वाळू तर प्रसिद्धच. तिथे जरूर जा, पण "मुलांना मनसोक्त डुंबायला" म्हणून निवडू नका.

हरिहरेश्वर वेगळं. तिथे देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर कातळ आहे आणि लाटा उसळून वर येतात. प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची, आणि भरती चढू लागली की पुजारी किंवा तिथला रखवालदार नको म्हणाला तर वाद न घालता मागे फिरायचं.

खाडीच्या तोंडापाशी कुठेही पोहू नका. आंजर्ले, केळशी, तारकर्लीची देवबागची बाजू, सगळीकडे हेच. ओहोटीला खाडीचं सगळं पाणी एका अरुंद तोंडातून समुद्रात धावतं आणि चांगला पोहणाराही त्यापुढे टिकत नाही. आपण नाशिकची माणसं गोदेच्या डोहात आणि तरणतलावात पोहायला शिकतो. समुद्रातली ओढ हा वेगळा प्रकार आहे आणि त्याचा सराव तिथे होत नाही.

५. महिना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पाणी शांत, हवा कोरडी, रात्री सुखाच्या. मालवणला पाण्याखाली बघायचं असेल तर हेच महिने. कासवांसाठी मार्च धरा: वेळास आणि आंजर्ले इथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं साधारण फेब्रुवारी अखेर ते एप्रिल या काळात समुद्रात सोडतात. पिल्लं सकाळी लवकर आणि संध्याकाळी सोडतात, म्हणजे मुक्काम हवाच, आणि रोज पिल्लं निघतातच असं नाही. एक दिवस राखीव ठेवा.

एप्रिल-मेमध्ये नाशिकपेक्षा तापमान कमी दिसलं तरी दमटपणा माणसाला थकवतो. दुपारी अकरा ते चार खोलीतच राहायचं हे गृहीत धरा आणि त्या हिशोबाने वातानुकूलित खोली घ्या.

जून ते ऑगस्ट समुद्र बघायचा, त्यात उतरायचं नाही. किल्ल्यांच्या होड्या आणि जलक्रीडा बंद असतात, आणि जून-जुलैमध्ये यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असल्याने ताजी मासळीही फारशी मिळत नाही. पावसाळ्यात किनाऱ्यावर निळसर फुग्यांसारखे, जेलीफिशसारखे दिसणारे जीव वाहून येतात. मेलेले दिसले तरी डंख मारतात, मुलांना हात लावू देऊ नका.

६. मुक्काम घेताना फोनवर विचारायचे प्रश्न

कोकणात घरगुती मुक्काम मोठ्या हॉटेलपेक्षा बहुतेक वेळा चांगला पडतो, जेवणासाठी तर नक्कीच. पण पैसे पाठवायच्या आधी हे विचारा:

- फाटकातून वाळूपर्यंत किती मिनिटं चालायचं? मध्ये रस्ता आहे का? "बीच टच" या शब्दाला काही अर्थ नाही.
- आंघोळीचं पाणी गोडं की मचूळ? समुद्रावरून आल्यावर वाळू धुवायला बाहेर नळ आहे का?
- वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखे चालतात का?
- जेवण माणशी थाळी की वस्तूप्रमाणे? मासे कुठले आणि त्यांचे पैसे वेगळे का? शाकाहारी माणसांसाठी वेगळी भांडी आहेत का? हे स्पष्ट विचारा, कुणी वाईट वाटून घेत नाही.
- जेवण किती आधी सांगायचं? बहुतेक घरी सकाळीच आकडा द्यावा लागतो. दुपारी दोनला अचानक जाऊन आठ थाळ्या मागितल्या तर मिळणार नाहीत. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा.
- बेत बदलला तर आगाऊ रक्कम परत मिळते का, की तारीख पुढे ढकलून देतात?

बनावट बुकिंगचे प्रकार होतात, विशेषतः डिसेंबर अखेरीस. मोठ्या रिसॉर्टचे फोटो चोरून स्वस्त दर सांगितला जातो आणि "आत्ता पैसे नाही टाकले तर खोली जाईल" अशी घाई केली जाते. समोरच्याला व्हिडिओ कॉलवर खोली आणि फाटकावरची पाटी दाखवायला सांगा. एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, निवासस्थानं (गणपतीपुळे, तारकर्ली, हरिहरेश्वर, वेळणेश्वर) फक्त त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या.

७. कागदपत्रं आणि सामान

प्रत्येक प्रौढ माणसाचं आधार किंवा दुसरं ओळखपत्र, मूळ प्रत. एकाचं दाखवून चौघांना खोली मिळत नाही. गाडीसाठी लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी आणि फास्टॅगमध्ये शिल्लक. गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि दमणहून दारू महाराष्ट्रात आणणंही गुन्हा आहे, तपासणी होते.

रोख पैसे ठेवा. जंगलजेट्टी, नारळपाणी, घरगुती खानावळ इथे रेंज नसली की मोबाईलवरून पैसे जात नाहीत. जंगलजेट्टी म्हणजे गाडीसकट खाडी ओलांडून देणारी फेरीबोट. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या चार लक्षात ठेवल्या तर किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास होतो आणि घाटांचे वळसे वाचतात. शेवटची फेरी किती वाजता ते मुक्कामाच्या घरी विचारा. ती चुकली की पन्नास-शंभर किलोमीटरचा वळसा ठरलेला.

सामानात मागच्या बाजूने पट्टा असलेल्या चपला हव्यात. साध्या स्लिपर लाट घेऊन जाते आणि कातळाला चिकटलेली कालवं (धारदार शिंपले) पाय कापतात. बाकी सुती कपड्यांचा एक जास्त जोड, जाड पंचे, झाकण घट्ट बसणारा डबा किंवा प्लास्टिकची पिशवी मोबाईलसाठी, ओआरएसची पाकिटं, अँटिसेप्टिक, चिकटपट्ट्या, टॉर्च, डासांचं मलम. नाशिकच्या कोरड्या हवेतून गेल्यावर घाम किती जातो ते पहिल्या दिवशी कळत नाही आणि संध्याकाळी डोकं धरतं. तहान नसली तरी पाणी पीत राहा.

८. पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं

काठावर उभं राहून बघा. लाटांच्या पांढऱ्या रेघेत मध्येच एखादा पट्टा शांत, जरा गडद दिसतोय का? त्यातून फेस किंवा गढूळ पाणी आत जाताना दिसतंय का? नवख्याला हीच जागा सुरक्षित वाटते, आणि ओढ नेमकी तिथेच असते. तिथे उतरू नका. चुकून सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडा आणि मग लाटेबरोबर किनाऱ्याकडे या. पोहता येत नसेल तर तरंगत राहा, हात वर करून ओरडा.

गावातल्या कोळ्याला किंवा टपरीवाल्याला विचारा, "इथे ओढ आहे का? कुठे उतरू?" ते हाताने जागा दाखवतात. जीवरक्षक सगळ्या किनाऱ्यांवर नसतात. लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचंच नाही.

डुंबायला चांगली वेळ भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास. पाणी काठाकडे येत असतं. ओहोटी लागली की बाहेर. दारू पिऊन, अंधारात, जेवल्या जेवल्या कुणीही उतरायचं नाही. गुडघ्यापर्यंतच्या पाण्यातही मुलाचा हात मोठ्याच्या हातात हवा, नजर पुरत नाही.

उथळ गढूळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूत घासत चाला, म्हणजे तळाशी बसलेलं पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) बाजूला होतं. त्याचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. जेलीफिशचा डंख झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका, साध्या पाण्याने धुवू नका.

गाडी वाळूवर नेऊ नका. ओली वाळू वरून घट्ट दिसते, चाक एका जागी थांबलं की रुततं, आणि भरती यायला लागली की ट्रॅक्टर येईपर्यंत इंजिनात पाणी गेलेलं असतं. पोलीस गुन्हाही दाखल करतात.

फोनमध्ये हे क्रमांक साठवा: ११२ आपत्कालीन, १०८ रुग्णवाहिका, १५५४ तटरक्षक दल, १०९३ सागरी पोलीस.

९. परतीचा दिवस

रविवारी दुपारी जेवून निघायचं ठरवलं तर अलिबागकडून येणारे वडखळ आणि पनवेलला संपूर्ण मुंबईच्या गर्दीत सापडतात. एक तर सकाळी आठला निघा, नाहीतर सोमवारची अर्धी रजा टाकून सोमवारी पहाटे. बोर्डी-केळव्याहून येणाऱ्यांनी दुपारी तीनच्या आत निघून तोरंगण घाट उजेडी चढावा. दिवस लहान असताना साडेसहाला तिथे पूर्ण अंधार होतो.

बोर्डीहून निघताना घोलवडला थांबून चिकू घ्या, त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि बागेतला भाव नाशिकच्या बाजारापेक्षा बरा मिळतो. कडक बघून घ्या, पिकलेला चिकू घाटातल्या वळणांना टिकत नाही. आणि घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या. ब्रेकचे भाग आणि सायलेन्सरवर बसलेलं मीठ आठवडाभरात गंज धरायला लागतं.